‘आपल्याच लोकांनी बोट फोडली’ : आजोबांच्या बोटीचा माग

एप्रिल २०२३ मध्ये पाटण तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची कौलं उतरवली आणि माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आली. आजोबांची ट्रंक. ते १९८७ मध्ये गेले, तेव्हा मी पाचवीत होते. ट्रंकेत एक डिस्चार्ज बुक, दोन पदकं, पितळी तांब्या आणि मेणकापडात गुंडाळलेली हातभर सुतळी निघाली. सुतळीला गाठी होत्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती हातात घेतली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, आफ्रिकेत पकडले गेले आणि १९४५ मध्ये परत आले, एवढं आम्हाला ठाऊक होतं. शिवाय ते दोन गोष्टी सांगायचे आणि त्या कुणाला पटत नसत. कैदी म्हणून नेत असताना आपली बोट बुडाली आणि ती ‘आपल्याच लोकांनी फोडली’, ही पहिली. दुसरी नदीपलीकडच्या गावच्या त्यांच्या साथीदाराबद्दल. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात त्याला ‘पैलाडचा’ असंच म्हणत. पैलाडचा त्या बोटीत होता आणि तिथेच गेला, असं आजोबा सांगत. त्याच्या घरच्यांनी ते कधीच मानलं नाही. त्यांच्याकडे आलेल्या लष्करी पत्रात नुसतं ‘बेपत्ता’ होतं. पुढे बायकोला पेन्शन सुरू झालं, पण तो कुठे गेला, कसा गेला, हे कुठल्याच कागदावर आलं नाही. गावात मात्र उठलं की त्याने इटलीत दुसरं घर केलंय. त्याच्या थोरल्या भावाने भर पारावर आजोबांना विचारलं होतं, “तू आलास, मग तो कसा नाही आला?” तेव्हापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं ते तुटलंच.

मी कराडला शाळेत शिकवते, इतिहास हा माझा विषय नाही. या सगळ्याला दीड वर्ष लागलं. सुरुवातीचे चार महिने मी चुकीच्या दारावर उभी होते. ज्यांच्या घरात अशी ट्रंक आहे त्यांचे तेवढे महिने वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

पहिलं काम आत्याकडे जाण्याचं. आत्या तेव्हा ८४ वर्षांची होती. ती आणि अण्णा आजोबांना ‘दादा’ म्हणत. मे महिन्यात तीन दुपारी मी तिच्याजवळ बसले आणि फोनवर रेकॉर्ड केलं. सलग काही सांगता येत नाही या वयात. मी प्रश्न विचारला की ती अडकायची, आणि भाजी निवडताना गप्प बसले की आपोआप बोलायची. ती म्हणाली, “दादा नवरात्रात नदीवर जात न्हवते. बोट बुडाली तवा घट बसले व्हते म्हनं. त्यो पैलाडचा दिस मोजायचा, सुतळीला गाठी मारून.” मी ट्रंकेतल्या सुतळीचं सांगितलं. ती म्हणाली, “तीच. ती त्याची. बुडायच्या आदल्या रातीला ह्यांच्याकडं दिली व्हती धराया.” आणखी एक गोष्ट तिने सांगितली आणि मी ती सहज वहीत उतरवून ठेवली: “पानी कोमट व्हतं म्हून वाचलो, असं म्हनायचे.”

जूनमध्ये साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. तिथल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांनी डिस्चार्ज बुक पाहून पाच मिनिटांत जे सांगितलं, ते मला इंटरनेटवर आठवडाभर सापडलं नव्हतं. पहिल्या पानावरचा आर्मी नंबर ही खरी किल्ली. नावावर काही शोधू नका, नंबरावर शोधा. पलटणही त्यांनीच वाचून दाखवली: २/५, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. त्या काळच्या कागदांवर इंग्रजीत ‘मराठा’चं स्पेलिंग ‘Mahratta’ असं असतं. तसं घातलं नाही तर बऱ्याच ठिकाणी शोध रिकामा येतो. जुनी नोंद हवी असेल तर बेळगावला, मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहा, असंही त्यांनीच सांगितलं.

अर्जासोबत नातं सिद्ध करणारे कागद लागतात: आजोबांचा मृत्यूदाखला, अण्णांचा शाळा सोडल्याचा दाखला, अण्णांचं आणि माझं आधार, आणि डिस्चार्ज बुकच्या साक्षांकित प्रती. इथेच पहिली अडचण आली. लष्कराच्या कागदावर आजोबांचं नाव घरगुती, तुटक, आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर पूर्ण. आडनावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. मग १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. नोटरी, टायपिंग, झेरॉक्स धरून ६५० रुपये झाले. एका कार्यालयात आमचा अर्ज दुसऱ्याच कुणाच्या फाइलला लागला आणि सात आठवडे तिथेच पडून राहिला. पोचपावतीचा शिक्का घेतला होता म्हणून निदान कुठे शोधायचं ते कळलं. पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका, आणि मूळ कागद तर कुणाच्याही हातात देऊ नका. मी मूळ डिस्चार्ज बुक प्रत्येक वेळी नेलं, दाखवलं आणि परत आणलं.

मधल्या काळात मी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर रोज रात्री आजोबांना शोधत होते. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने पडलेल्या लाखो सैनिकांची नावं तिथे आहेत, आणि हिंदी, म्हणजे भारतीय, सैनिकांचीही. प्रत्येक स्पेलिंग घालून पाहिलं. चार महिन्यांनी ध्यानात आलं की ती नोंदवही मेलेल्यांची आहे. आजोबा जिवंत परतले होते, ते तिथे असणारच कसे? युद्धात गेलेल्या माणसाची नोंद घरबसल्या, फुकट, दोन मिनिटांत मिळते. जगून आलेल्याच्या नोंदीसाठी मात्र दारोदार फिरावं लागतं. तुमचा माणूस परत आला असेल तर तिथे वेळ घालवू नका. त्याच्याबरोबरचा आला नसेल, तर आधी तिथेच जा. हे उशिरा सुचलं, पण सुचल्यावर फार उपयोगी पडलं. ते पुढे येईल.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बेळगावचं पत्र आलं. एकच पान. भरतीची तारीख, बटालियन, ‘२१ जून १९४२ पासून युद्धकैदी’ आणि १९४५ मध्ये मायदेशी परत. बोटीचा उल्लेख नाही. पण २१ जून १९४२ ही तारीख हाती आली आणि तिच्या मागचं दार उघडलं.

त्या दिवशी लिबियातलं तोब्रुक पडलं. आदल्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलने तोब्रुकच्या आग्नेयेकडच्या तटावर हल्ला चढवला. तो भाग अकराव्या हिंदी ब्रिगेडकडे होता आणि विमानांचा आणि रणगाड्यांचा पहिला तडाखा बसला तो नेमका २/५ मराठाच्या मोर्च्यांवर. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं त्या वाळवंटातल्या खंदकांत होती. दुसऱ्या दिवशी तोब्रुकने शरणागती पत्करली आणि तीस हजारांहून अधिक माणसं कैदी झाली. आजोबा त्यांतले एक. हे मी अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “विमानाचा आवाज आला की दादा जेवता जेवता ताट सोडून उठायचे.” मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता प्रश्न उरला बोटीचा. तोब्रुकचे कैदी बेनगाझी आणि त्रिपोलीच्या छावण्यांतून बोटींनी इटलीला नेले जात. आफ्रिकेतल्या रोमेलच्या फौजेला रसद पुरवायला इटालियन मालवाहू बोटी दक्षिणेला यायच्या आणि परतताना त्यांच्या रिकाम्या तळघरांत कैदी कोंबले जायचे. त्याच बोटी बुडवण्यासाठी माल्टाहून ब्रिटिश पाणबुड्या दबा धरून असायच्या. आत कैदी आहेत अशी खूण त्या बोटींवर नसायची. पेरिस्कोपमधून दिसायची ती फक्त शत्रूची मालवाहू बोट. ‘आपल्याच लोकांनी फोडली’ म्हणजे काय, ते इथे मला पहिल्यांदा कळलं. डिसेंबरातली ती रात्र होती आणि मी स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर एकटीच रडत बसले होते. छत्तीस वर्षं आमच्या घरात त्या वाक्याला ‘म्हाताऱ्याचं काहीतरी’ म्हणत आले होते.

जून ते डिसेंबर १९४२ या काळात त्या वाटेवर कैद्यांसकट टॉर्पेडो लागलेल्या तीन बोटी मला सापडल्या. ‘नीनो बिक्सियो’ला १७ ऑगस्टला टॉर्पेडो लागले आणि तीनशेहून अधिक कैदी मेले. पण ती बुडाली नाही, तिला ओढत ग्रीसला नेलं. ‘शिलिन’ १४ नोव्हेंबरला बुडाली. तिच्यावर आठशेच्या आसपास ब्रिटिश कैदी होते, त्यांतले फक्त २७ वाचले. आणि या दोन्हींच्या मधली ‘लोरेतो’. अवघी १,०५५ टनांची जुनी बोट, १९१२ सालची. ९ ऑक्टोबर १९४२ ला ती त्रिपोलीहून निघाली. तिच्यावर सुमारे ४०० कैदी होते, हिंदी कैदी. १३ ऑक्टोबरला, मंगळवारी, सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावर पालेर्मोजवळ कापो गाल्लोच्या समोर ‘अनरफल्ड’ या ब्रिटिश पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. पाणबुडीचा कप्तान होता लेफ्टनंट जॉन स्टीव्हन्स. १३० च्या आसपास हिंदी कैदी गेले.

तीन बोटी, तीन तारखा. आत्याचं बोलणं आठवलं: घट बसले होते. शेजारच्या गुरुजींकडे जुनं पंचांग नव्हतं, पण त्यांनी संगणकावर १९४२ सालच्या तिथी काढून दिल्या. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता म्हणून सण उशिरा आले होते, नवरात्रही. १७ ऑगस्ट नवरात्राच्या कितीतरी आधी, १४ नोव्हेंबर दिवाळीच्याही नंतर. १३ ऑक्टोबर मात्र नवरात्रात. बोटीच्या पोटात, अंधारात, एक माणूस सुतळीला गाठी मारत दिवस मोजत होता आणि आज घरी घट बसले असतील म्हणून बाकीच्यांना सांगत होता. त्याच्या गाठी बरोबर होत्या.

तुमच्या घरात कुणी ‘तेव्हा बेंदूर होता’, ‘तेव्हा सुगी चालली होती’ असं काही बोलत असेल, तर ते जसंच्या तसं लिहून घ्या. इंग्रजी तारीख विचारू नका. ती त्यांना आठवत नाही, आणि तुम्ही फार विचारलंत तर मनाने सांगतील.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी पुन्हा युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीकडे गेले. या वेळी नाव घातलंच नाही. मृत्यूची तारीख घातली, सैन्य हिंदी निवडलं आणि पलटण पाचवी मराठा. यादी आली. मी एकेक नाव उघडत गेले. हिंदी सैनिकांच्या नोंदीत पुष्कळदा खाली एक ओळ असते: कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुठल्या गावचा. एका नोंदीखाली बायकोचं नाव होतं, इंग्रजीत पार मोडलेलं, मी दोनदा मोठ्याने म्हटलं तेव्हा लागलं. आणि मग गावाचं नाव, पुढे सातारा, पुढे बॉम्बे. पैलाडचं गाव. मी अण्णांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

ते गाव आज नाही. कोयना धरणाच्या पाण्यात साठच्या दशकात जी गावं गेली त्यांतलं ते एक. माणसं सांगली, सोलापूर, रायगड, रत्नागिरी, ठाणे अशी पांगली. नोंदवहीत मात्र ते गाव अजून तसंच आहे, त्याच्या बायकोच्या नावाशेजारी.

तर आता त्यांचं घर शोधायचं होतं. परदेशातली नोंद दोन मिनिटांत मिळाली आणि इथल्या इथे दोन महिने गेले. ज्या गावाचं पुनर्वसन झालंय त्या गावच्या माणसांना शोधताना तलाठ्याआधी देवाला विचारावं. विस्थापितांनी नव्या वसाहतीत आपला जुना ग्रामदेव नेलेला असतो आणि यात्रेला सगळे जमतात. आमच्या गावच्या गुरवाने सांगितलं, त्यांची बहुतेक घरं ठाणे जिल्ह्यात गेली आणि चैत्रात तिथे पालखी असते. २१ एप्रिलला आम्ही तिघं, म्हणजे अण्णा, आत्या आणि मी, भाड्याच्या गाडीने गेलो. जाऊन-येऊन ७,५०० रुपये.

युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावरून त्या सैनिकाच्या नावाचं प्रमाणपत्र फुकट काढता येतं. मी ते चांगल्या कागदावर छापून, काच लावून नेलं होतं. दारात गेल्यावर अण्णांना पुढे बोलवेना. आत्याच म्हणाली, “आमी ऐलाडचे.” एवढंच. दार उघडलेला माणूस पैलाडच्याचा दत्तक पुतण्या, सत्तरी ओलांडलेला. त्याने आधी आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं, आणि मग विचारलं काय काम काढलंत.

मी तारीख सांगितली, बोटीचं नाव सांगितलं. त्याच्या हातात प्रमाणपत्र दिलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याच्या नातीने वाचलं, आणि आजीचं, म्हणजे पणजीचं नाव आल्यावर ती थांबली. “हे आईचं नाव?” असं म्हणून त्याने त्या अक्षरांवर बोट ठेवलं. विधवा झालेली ती माउली १९९४ मध्ये गेली होती. तो म्हणाला, “आई म्हनायची, त्यो पान्यातच गेला, ऐलाडचा खोटं न्हाई बोलायचा. पन तिचं ऐकतंय कोन? लोकांनी तिला जन्मभर सांगितलं, तुला टाकून ऱ्हायलाय तिकडं.” मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आत्याने पिशवीतून सुतळी काढून त्याच्या हातात ठेवली.

आम्ही जेवूनच निघालो. येणं-जाणं तुटल्यापासून दोन्ही घरांत पहिल्यांदा ताट मांडलं गेलं असेल.

कागदांचं काम अजून चालू होतं. ब्रिटिश पाणबुड्यांच्या गस्तीचे अहवाल लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. प्रती मागवायच्या तर बरेच पौंड जातात. पण तिथे जाऊन वाचायला आणि स्वतःच्या फोनने फोटो काढायला पैसे पडत नाहीत. वाचकपत्र फुकट मिळतं, फक्त ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे न्यावे लागतात. माझी मावसबहीण तिकडे राहते, ती मे महिन्यात एका शनिवारी गेली. ओळखीतलं कुणी तिकडे असेल तर संकोच न करता सांगा. एका दिवसाचं काम आहे. तिने फोटो पाठवले. टंकलेखन यंत्राची अक्षरं, वेळा, अंतरं, दिशा. वाचताना त्या पाणबुडीतल्या माणसांचा मला राग आला नाही. ती वीस-पंचवीस वर्षांची पोरंच होती आणि दहा दिवसांनी इजिप्तमध्ये अल्-अलामीनची लढाई सुरू व्हायची होती. रोमेलकडे जाणारी-येणारी प्रत्येक बोट बुडवायची, हे त्यांना दिलेलं काम होतं. राग आला तो तळघरात माणसं भरून, बोटीवर साधी खूणही न करणाऱ्यांचा. त्याच महिन्याच्या सुरुवातीला चीनच्या किनाऱ्यावर ‘लिस्बन मारू’ ही जपानी बोटही अशीच, खुणेविना, अमेरिकन पाणबुडीने बुडवली होती. तिच्यावर १,८१६ ब्रिटिश कैदी होते, त्यांतले ८२८ गेले.

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांच्या नोंदी असतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण ते वर्षातून ठरावीक दिवसच अर्ज घेतात आणि ठरलेली संख्या भरली की बंद करतात. सप्टेंबर २०२३ ची माझी वेळ हुकली. जानेवारीत मात्र सकाळपासून लॅपटॉप उघडून बसले आणि अर्ज गेला. आर्मी नंबर, पलटण, पकडल्याची तारीख आणि जागा, वडिलांचं नाव हे सगळं आधी एका कागदावर तयार ठेवा. माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. जूनमध्ये उत्तर आलं: इटलीत आवेत्सानोच्या ९१ नंबरच्या छावणीत नोंद. हिंदी शिपायांची ती मोठी छावणी होती. बोटीतून पाण्यात, पाण्यातून किनाऱ्यावर आणि किनाऱ्यावरून पुन्हा काटेरी तारांत, एवढं त्या एका ओळीत होतं.

त्यानंतर मला तिथे जायचंच होतं. अण्णांचे गुडघे नको म्हणत होते. मुदतठेव मोडली. इटलीच्या व्हिसासाठी मुंबईला जावं लागलं. व्हिसा शुल्क ९० युरो, वर केंद्राचं शुल्क. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणं, शाळेचं रजेचं पत्र, ३०,००० युरोचा प्रवास विमा, जायची-यायची तिकिटं, हॉटेलचं बुकिंग. प्रवासाचं कारण लिहिताना मी ‘पर्यटन’ लिहिलं, पण सोबतच्या पत्रात आजोबांची सगळी हकिगत एका पानात लिहून बेळगावच्या पत्राची प्रत जोडली. खिडकीवरच्या मुलीने ते पान पूर्ण वाचलं. सतराव्या दिवशी पासपोर्ट परत आला. मुंबई-रोम-पालेर्मो विमान, पाच दिवसांचं राहणं-खाणं, सगळं धरून १ लाख ६२ हजार झाले. सहा महिने आधी तिकीट काढलं असतं तर वीसेक हजार वाचले असते.

निघायच्या आधी ठाण्याहून पैलाडच्याच्या पुतण्याचं पाकीट आलं. त्यात आपट्याचं एक वाळकं पान. चिठ्ठीत एवढंच होतं: ‘काकाला सोनं द्या.’

दसरा १२ ऑक्टोबरला होता. १३ ला, रविवारी सकाळी, मी पालेर्मोहून सिटी बसने स्फेराकावाल्लोला उतरले आणि चालत बार्कारेल्लोच्या किनाऱ्याला गेले. तिथून कापो गाल्लोच्या डोंगराखालून समुद्राच्या कडेने पायवाट जाते. पांढरट चुनखडीचा उभा कडा, मध्येच फड्या निवडुंग, अगदी आपल्या माणदेशातल्यासारखा. खाली खडक सुरीसारखे धारदार. चप्पल घालून जाऊ नका, बूट घाला. रविवार होता, लोक मासे धरत होते, पोरं पाण्यात उड्या मारत होती. बोटीची कुठे काही खूण मला दिसली नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

एका खडकावर बसून अण्णांना फोन लावला, व्हिडिओवर समुद्र दाखवला. तिकडे दुपार टळली होती. आत्या शेजारी बसली होती. अण्णा विचारत होते, किनारा किती लांब असेल तिथून, पोहून यायला किती वेळ लागला असेल. मी म्हटलं, पाणी मोठं आहे, अण्णा.

मग फोन खडकाच्या खाचेत उभा करून खाली उतरले. पान पाण्यावर ठेवलं. लाटेने ते परत माझ्याकडेच आणलं, दोनदा. तिसऱ्यांदा ते खडकाला वळसा घालून गेलं आणि मग उन्हाच्या चकाकीत दिसेनासं झालं. हात पाण्यातच होता. तेव्हा लक्षात आलं आणि मी वर तोंड करून आत्याला ओरडून सांगितलं की पाणी कोमट आहे.